तीन पिढ्या, तेरा माणसं, मालवण : आखणीसाठी मदत हवी आहे

शेवंता

नमस्कार मंडळी. २६ जानेवारीला जोडून चार रात्री मालवण-तारकर्लीला जायचं ठरतंय. सासू-सासरे (७४ आणि ७९), माझी आई (७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान, आणि चार मुलं : वय १५, ११, ७ आणि सव्वादोन. नणंदेचे तिघं पुण्याहून येणार, बाकी आम्ही सगळे ठाण्याहून.

ठिकाणांची यादी माझ्याकडे आहे, ती कुठेही मिळते. मला मदत हवी आहे ती दिवस कसा घालवायचा हे ठरवायला. आमच्याकडे सहल म्हणजे सकाळी सातला गाडीत बसायचं आणि रात्री नऊला उतरायचं. सासरे तोंडाने काही बोलत नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी होतं. त्यामुळे या वेळी मी आधी दिवसाचा आराखडा केला आणि मग त्यात ठिकाणं बसवते आहे. मुक्काम चारही रात्री एकाच घरी. रोज एकच बाहेरची गोष्ट, तीही सकाळी. एकच्या आत परत येऊन जेवण आणि झोप. पाच वाजता चालत समुद्र.

दुसरं म्हणजे स्वयंपाक. निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत धपाटे, पुऱ्या, चिवडा करत बसणाऱ्या बायका आणि पहाटे चारला पुन्हा त्याच उठणार, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलंय. तिथे पोचल्यावर चहासुद्धा त्याच टाकतात. या सहलीत घरातल्या एकाही बाईने गॅस पेटवायचा नाही, असं मी आणि जाऊबाईंनी मिळून जाहीर केलंय.

अडलंय ते असं. गाडीने जावं की रेल्वेने? आईला सिंधुदुर्ग किल्ला बघायची फार इच्छा आहे, तिला होडीतून नेता येईल का? सासू-सासरे शाकाहारी, बाकीच्यांना मासे हवेत, तर एकाच घरी जमेल का? आणि चौथी गोष्ट नाजूक आहे. आमच्यापैकी एका कुटुंबाची सध्या पैशांची ओढाताण आहे. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हिशोब कसा ठेवावा?

रुळावरून

ठाण्याच्या दहा जणांसाठी रेल्वेच. महामार्ग कितीही सुधारला तरी ७९ वर्षांच्या माणसाला इतके तास बसवून नेऊ नका. कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर आहे.

कोकणकन्या रात्रीची, मांडवी सकाळची. दोन्ही ठाण्याला थांबतात. मी तुम्हाला मांडवी सुचवीन. रात्रीच्या गाडीत वयस्कर माणसाला अंधारात, हलत्या डब्यात दोन-तीनदा उठावं लागतं. मांडवीत दिवसाउजेडी जाता, आडवं व्हायला बर्थ असतो आणि खाण्यासाठी ही गाडी नावाजलेलीच आहे, म्हणजे डबे करायची गरज नाही. जनशताब्दी वेगाने पोचवते, पण ती पूर्ण वेळ बसून जायची गाडी आहे. ऑपरेशन झालेला गुडघा तासन्‌तास वाकवून ठेवणं बरं नाही.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं आणि बरेच जण अजून तेच धरून चालतात. २६ जानेवारीला जोडून सुट्टी असली की कोकणातल्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, म्हणून त्या दिवशी सकाळी आठला तयार राहा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून घ्या, नाहीतर ऐन वेळी अडाल.

आता महत्त्वाचं. दहा जणांची तिकिटं सरसकट एकत्र काढू नका. एका तिकिटावर सहाच जण बसतात हे एक कारण झालं. दुसरं असं की पुरुष ६० आणि बाई ४५ वर्षांच्या पुढे असेल तर खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो तिकिटावर एकटं किंवा त्याच निकषातले दोघंच असतील तर लागतो. नातवंडांबरोबर एकाच तिकिटावर काढलं की तो हक्क जातो. तेव्हा सासू-सासऱ्यांचं एक तिकीट, आईंचं एकटीचं दुसरं, आणि तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिकांचा कोटा निवडायचा. डबा एकच मिळेल असं नाही, पण खालचा बर्थ मिळायची शक्यता बरीच वाढते. सवलत मात्र मिळणार नाही, ज्येष्ठांची भाड्यातली सूट मार्च २०२० पासून बंद आहे.

कुडाळला गाडी दोनेक मिनिटंच थांबते. सामान आधीच्या स्टेशनापासूनच दाराशी आणा आणि कोणी आधी उतरायचं ते ठरवून ठेवा. एका मोठ्या माणसाने शेवटी उतरायचं, आणि त्याच्या हातात सामान द्यायचं नाही.

दर्यावर्दी

मी मालवणचाच. आधी तारीख तपासा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसते, कौल घेऊन ठरते. बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, पण धरून चालू नका. जत्रेच्या आसपास मसुरे-मालवण भागात खोली मिळणं कठीण आणि रस्ते भरलेले. खास जत्रेसाठीच येणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर या.

किल्ल्याबद्दल. होडी मालवणच्या जेटीवरून सुटते, पाण्यातला वेळ थोडा आहे. कठीण काय, तर होडीत चढणं आणि उतरणं. होडी हलत असते आणि पाय उंच टाकावा लागतो. खलाशी हात देतात, पण आधी सांगून ठेवा. पलीकडे उतरल्यावर दरवाजापर्यंत खडकाळ-वाळूची वाट आहे. आत गेलात की शिवराजेश्वर मंदिरापर्यंत सावकाश चालत जाता येतं. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ तुमच्या आईंना बघता आलं म्हणजे बरंच मिळालं असं समजा. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही वाटेत दाखवता येतील. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, मुलांना त्याचंच जास्त नवल वाटतं. तटावर आणि बुरुजांवर चढायचं मात्र आईंनी टाळावं, पायऱ्या उंच आहेत. तरुणांनी चढावं. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं, तेव्हाचा तट अजून लाटा खातोय. तो वरून बघण्यासारखा आहे.

सकाळी पहिल्या होड्यांपैकी एक धरा. अकरानंतर ऊन आणि रांग दोन्ही वाढतात. जानेवारीत रात्री गार वाटलं तरी दुपार तीस अंशांच्या वर जाते.

परसबाग

सव्वादोन वर्षांच्या बाळासाठी लिहिते. कुडाळ-मालवण रस्ता वळणांचा आहे. गाडी लागू नये म्हणून घरात जी गोळी मोठी माणसं घेतात ती अर्धी करून बाळाला देऊ नका. अशा काही गोळ्यांत प्रोमेथाझीन नावाचं औषध असतं, ते दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात देत नाहीत, आणि तुमचं बाळ जेमतेम त्या रेषेपलीकडे आहे. काय द्यायचं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. निघण्याआधी भरपेट दूध देऊ नका, कोरडं काहीतरी थोडं द्या.

बाळाचं खाणं मी घरमालकिणीला आदल्या दिवशी फोन करून सांगते : मऊ भात, वरण, तूप, त्यात तिखट-मसाला काही नको. कोकणात कुठल्याही घरी पेज मिळते. पोट बिघडलं तरी आणि नुसतीच भूक लागली तरी तीच कामाला येते.

बाळाला कोण बघणार याच्या पाळ्या निघायच्या आधी ठरवा. नाहीतर आई चारही दिवस वाळूत बाळामागे आणि बाकीचे पाण्यात. आमच्याकडे सकाळचे दोन तास काका-काकू बघतात आणि त्या वेळात आईबाबा दोघंच फिरायला जातात.

आजोबा_कोथरूड

शेवंताताई, तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. तुम्ही सकाळी एकच कार्यक्रम ठेवलात हे वाचून फार समाधान वाटलं.

आम्हाला कोणी विचारलं की "बाबा, तुम्हाला काय हवं?" तर आम्ही "मला काही नको, तुम्ही म्हणाल ते" असंच म्हणणार. मनात असतं, पण आपल्यामुळे मुलांचा खोळंबा नको असं वाटतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. "खोली तळमजल्यावर असली तर बरं ना?" "रात्री किती वेळा उठता?" "सकाळचा चहा साडेपाचला लागतो की सहाला?" अशा प्रश्नांना आम्ही खरी उत्तरं देतो.

घर ठरवण्याआधी मालकाकडून समुद्राचे फोटो मागवू नका, न्हाणीघराचा फोटो मागवा. कमोड हवा. त्याच्या शेजारी हाताला धरायला काही आहे का ते बघा. नसेल तर मालकाला स्टुलाची व्यवस्था करायला सांगा. फरशी गुळगुळीत आहे का, आणि खोलीतून न्हाणीघरात जाताना उंबरा किंवा पायरी आहे का, तेही विचारा. नव्या जागी रात्री उठताना माणूस घरातल्या सवयीने पाऊल टाकतो आणि पडतो. एक छोटा रात्रीचा दिवा घरून न्या, प्लगमध्ये लावायचा.

औषधं दोन ठिकाणी ठेवा. एक संच सासूबाईंच्या पर्समध्ये, दुसरा तुमच्या बॅगेत, आणि दोन दिवसांचा जास्तीचा साठा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तिघा-चौघांच्या फोनमध्ये असू दे.

आणखी एक विनंती. दुपारी आम्ही झोपलो असताना तुम्ही कुठे गेलात तरी चालेल, पण आम्हाला सांगून जा. म्हाताऱ्या माणसांना मागे राहण्याचं दुःख नसतं. सगळे कुठे आहेत हे ठाऊक नसलं की मात्र जीव टांगणीला लागतो.

शेवंता

आजोबा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "साडेपाचचा चहा लिही." इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं, कारण घरी त्या स्वतःच करून घेतात. आता मालकांना थर्मासमध्ये चहा ठेवायला सांगते.

घाटवाटा

थोडा वेगळा सूर लावतो. चार रात्री एकाच ठिकाणी आणि रोज एकच गोष्ट, यात १५ आणि ११ वर्षांची मुलं दुसऱ्या दिवशी मोबाईलमध्ये डोकं घालतील. एवढ्या लांब जाऊन विजयदुर्ग आणि कुणकेश्वर सोडायचं? दोन मुक्काम करा, दोन रात्री मालवण आणि दोन देवगड.

शेवंता

मुलांबद्दल तुमचं म्हणणं पटलं. मुक्काम हलवायचं मात्र पटत नाही. तेरा माणसांचं सामान बांधणं, गाडीत चढवणं, नव्या घरी पुन्हा लावणं यात सबंध दिवस जातो, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येतं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. विजयदुर्ग मालवणहून जाऊन-येऊन सगळा दिवस घेतो. त्यापेक्षा एक दिवस आम्ही दोन तुकड्या करू. मोठी मुलं, दीर आणि नणंदेचे यजमान पहाटे निघून कुणकेश्वर-विजयदुर्ग करतील. बाकीचे जवळपास राहू. एकत्र सहल म्हणजे तेरा जणांनी चोवीस तास एकाच गाडीत असायला हवं, असं मला वाटत नाही. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांचं एका पंगतीत.

तर मागे राहणाऱ्यांसाठी जवळचं, न चढायचं असं काय आहे?

दर्यावर्दी

धामापूरला जा. तलावाच्या काठावर भगवतीचं देऊळ, गर्द झाडी, आणि बसून राहिलं तरी कंटाळा येत नाही. हा तलाव १५३० सालचा मानतात. कुडाळ-मालवण वाटेवरच आहे, म्हणजे वाकडी वाट नाही. वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिरही असंच शांत, शेजारी तळं.

सात आणि अकरा वर्षांच्या मुलांसाठी कुडाळजवळ पिंगुळी चुकवू नका. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. आधी फोन करून गेलात तर बाहुल्या हलवून दाखवतात, मुलांना दोऱ्या हातात घेऊ देतात. चित्रकथीची जुनी पोथी उघडून एकेक चित्र पुढे करत गोष्ट सांगतात, तेव्हा आजी आणि नात दोघी सारख्याच पुढे सरकून बसतात. मी हे पाहिलंय.

जानेवारी म्हणजे गावोगाव जत्रा आणि दशावतार. रात्री उशिरा सुरू होतो, देवळासमोर, तिकीट नाही. घरमालकांना विचारा आज कुठल्या गावात आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन जा. संकासुर मंचावर आला की त्याला मोबाईलची आठवण राहणार नाही.

जेवणाचं म्हणाल तर एकाच घरी दोन्ही होतं, पण विचारताना "शाकाहारी मिळेल का" एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का आणि त्यात काय करता, ते विचारा. काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळी, घावणे, रस-शिरवाळे, सोलकढी असं सांगणारी बाई भेटली तर निर्धास्त राहा. "पनीरची भाजी करू" म्हणाली तर दुसरं घर बघा. मासे खाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटवरच अडून बसू नये. त्या दिवशी काय ताजं आलंय ते विचारा. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, हे इथलं खरं रोजचं जेवण.

खडीसाखर

पैशांबद्दल कोणी बोलत नाहीये, मी बोलते. हे नाजूक आहे खरं, पण सहल विस्कटते ती बहुतेकदा इथेच.

ज्या कुटुंबाची ओढाताण आहे त्यांच्याशी तुमच्यापैकी एकाच, सगळ्यात जवळच्या माणसाने आधी एकट्याने बोलावं. "तुम्हाला किती जमेल?" असं विचारू नका, माणूस अवघडून जास्तीचा आकडा सांगतो. दोन-तीन घरांचे दर समोर ठेवा आणि "यातलं कुठलं घ्यावं?" असं विचारा. ते ज्यावर बोट ठेवतील त्याच्या वर कोणीही जायचं नाही. बाकीच्यांना परवडत असलं तरी नाही. एकदा खोली सगळ्यांची सारखी असली की पुढचं बरंच सोपं जातं.

सामाईक खर्च आणि हौसेचा खर्च अगदी सुरुवातीला वेगळा करा. राहणं, जेवण, गाडी, किल्ल्याची होडी हे सामाईक. त्याची ठरावीक रक्कम प्रत्येक कुटुंबाने निघायच्या आधी एकाकडे द्यायची, आणि प्रवासात त्या पेटीतूनच खर्च. स्कूबा, खरेदी, काजू-कोकमाच्या पिशव्या हे ज्याचं त्याने. यामुळे रोज रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागत नाही आणि "कालचं मी दिलं" हे वाक्य कोणाच्या तोंडी येत नाही.

वाटणी डोक्याप्रमाणे करू नका. बाळ मोजायचंच नाही, लहान मुलं अर्धी. आणि तिन्ही ज्येष्ठांचा खर्च तिन्ही कुटुंबांनी उचलायचा की ज्यांची परिस्थिती बरी आहे त्यांनी, हे मोठ्यांच्या कानावर न घालता ठरवा. पेटी सांभाळायला पंधरा वर्षांच्या मुलाला द्या. वही त्याने लिहायची, आकडे सगळ्यांना दिसायला हवेत. मुलं हे काम फार चोख करतात.

घाटवाटा

दोन तुकड्यांची कल्पना चांगली आहे, माझा मुद्दा मागे घेतो. नणंदेच्या कुटुंबासाठी : पुण्याहून कोल्हापूरमार्गे फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. घाटांत दुरुस्तीची कामं अधूनमधून चालू असतात, आदल्या दिवशी नक्की विचारा. घाट दिवसाउजेडी उतरा.

स्थानिक गाडीबद्दल : टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना दर किलोमीटरचा आहे की दिवसाचा, टोल-पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता किती, हे लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. तुमचं तर रोज चाळीस-पन्नासच होईल, मग तो हिशोब तुम्हाला महागात पडेल. कुडाळ-मालवण आणण्या-पोचवण्यापुरती गाडी, आणि मध्ये लागेल तशी रिक्षा, असं करा. ड्रायव्हर मुक्कामाला राहणार असेल तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय आधी विचारा. गाडीत झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांना घेऊन घाट चढणार असतो.

शेवंता

खडीसाखर, घरांचे दर पुढे ठेवून विचारण्याची युक्ती कालच वापरली. माझे यजमान बोलले. ज्या घरावर बोट ठेवलं गेलं ते खरं तर आमच्या यादीतलं सगळ्यात साधं, आणि न्हाणीघराचा फोटोही त्याच घराचा चांगला निघाला. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. शाकाहारी जेवणाचं विचारलं तर मालकीणबाईंनी पहिलं नाव काळ्या वाटाण्याच्या सांबाराचंच घेतलं.

शेवटचे दोन प्रश्न. मुलगा स्कूबा करायचं म्हणतोय, करू द्यावं का? आणि संध्याकाळी मुलांना पाण्यात कधी सोडावं? भरती-ओहोटीचं मला काहीच कळत नाही.

दर्यावर्दी

स्कूबासाठी दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास असेल तर नाहीच. सर्दी असेल तर त्या दिवशी नाही, कान उघडत नाहीत. फॉर्मवर सही करायच्या आधी पाण्याखाली मुलाबरोबर एकास एक माणूस असणार का ते विचारा. "एकाबरोबर दोघं" असं उत्तर आलं तर परत फिरा. सकाळी लवकर पाणी स्वच्छ असतं. कोणी परतीला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने जाणार असेल तर त्याने निदान १२ तास, शक्यतो १८ तास मध्ये सोडावेत.

भरतीचा हिशोब आमच्याकडे तिथीवर चालतो, कालनिर्णय जवळ असलं की झालं. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि सूर्यास्ताला किनारा लांबपर्यंत उघडा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण दिवस आखायला पुरतं.

मुलांना पाणी चढत असताना गुडघ्यापर्यंतच सोडा, ओहोटीला पाणी आत ओढतं तेव्हा अजिबात नको. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ही ओढ जास्त असते, मग त्या दिवसांत वाळूतच खेळू द्या. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे तर कोणत्याही वेळी पोहायला उतरू नका. तो संगम होडीतून बघण्यासाठी आहे. गावातला कोणी "आता बाहेर या" म्हणाला तर कारण न विचारता बाहेर या.

रुळावरून

तिकिटांबद्दल राहिलेलं एक. मांडवी नाही मिळाली आणि तुतारी एक्सप्रेस घ्यायची वेळ आली तर तारीख नीट बघा. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. सव्वादोन वर्षांच्या बाळाला तिकीट लागत नाही. सात वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्याला बर्थ मिळत नाही, तेव्हा त्याचं पूर्णच काढा. परतीचं आरक्षण परतीच्या तारखेपासून मोजून ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जाण्याच्या तिकिटानंतर चार-पाच दिवसांनी. दोन्ही तारखा आजच फोनमध्ये गजर लावून ठेवा.